वेताळाची फेरी आणि खांदेरीचं पाणी

अमावस्येची रात्र आहे आणि तुम्ही अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर उभे आहात. ओहोटी लागली आहे. ओल्या वाळूवर होड्या ओढून ठेवल्या आहेत, जाळ्यांना सुकटीचा वास आहे. पाठीमागे खत कारखान्याच्या दिव्यांची रांग लागली आहे, उजव्या हाताला क्षितिजावर मुंबईचा पिवळट उजेड. समोर काळ्या पाण्यात उंदेरी चपटी पडली आहे आणि तिच्यापलीकडे, चार-पाच किलोमीटरवर, खांदेरीच्या दोन टेकड्या. दीपगृहाचा झोत फिरत येतो, पाण्यावरून सरकतो आणि निघून जातो.

खांदेरी बेटावर वेताळ आहे. त्याच्या ठाण्यात मूर्ती नाही, एक मोठा खडकच आहे. थळचे आणि आसपासचे कोळी मासेमारीला निघताना त्याचं नाव घेतात, नारळ वाहतात. वेताळ म्हणजे भुतांचा राजा. अमावस्येच्या रात्री तो फेरीला निघतो, असं या किनारपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पुढे मशाली, मागे भुतावळ, मधे तो. दक्षिणेला सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण रात्रभर गावाभोवती फिरून देवाच्या चपला झिजतात. गोव्यात तोच बेताळ होतो आणि गावाची राखण करतो. देव आणि भूत यांच्यामधल्या उंबरठ्यावर उभा असलेला असा राखणदार कोकणाला हवासा वाटला, यात नवल नाही.

पण फेरीच्या रात्री माणसांनी काय करायचं, ते ऐका. दिवा मालवायचा. दाराला आतून कडी घालायची. बाहेर डोकावायचं नाही. कुणी नाव घेऊन हाक मारली तरी पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. लहान पोर रडलं तर त्याचं तोंड पदराखाली घ्यायचं.

यातला पहिलाच नियम मला अडवतो. भुताला उजेडाचं वावडं, हे तर आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर दिवा तेवत ठेवतात, मसणवटीवरून जाताना चूड पेटवून धरतात. मग याच रात्री, ऐन भुतांचा राजा दारावरून जात असताना, दिवा का मालवायचा? भुतापासून वाचायचं असेल तर हा नियम उलटा आहे. माणसापासून वाचायचं असेल तर मात्र तो अगदी बरोबर आहे. म्हणून आज रात्री आपण थोडं मागे जाऊ.

पाठीमागचे कारखान्याचे दिवे विझू द्या. मुंबईचा उजेड मावळू द्या. आता 1867 साल आहे. खांदेरीवर दीपगृह नुकतंच उभं राहिलं आहे आणि तुमच्या शेजारी वाळूवर अख्खं गाव जमलं आहे. त्या बेटावर रोज, ठरल्या वेळी, कुणाच्याही मर्जीवाचून उजेड दिसतो आहे, ही गोष्ट यापूर्वी कधी घडलेली नाही. या पाण्यातले खडक अंधारात जहाजांचे तळ फाडतात. आता निदान ते कुठे आहेत, एवढं तरी दुरून कळेल. म्हाताऱ्या मात्र त्या झोताकडे बघून हात जोडतात. त्यांच्या लहानपणी समुद्रात दिसणारा उजेड वेताळाचाच असे.

आणखी मागे या. 1840 साली आंग्र्यांचं कुलाबा संस्थान इंग्रजांनी खालसा केलं, ते वर्ष ओलांडा. 1718 ओलांडा; त्या वर्षी मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून तोफा घेऊन खांदेरीवर चालून आला आणि कान्होजी आंग्र्यांच्या माणसांनी त्याला हात हलवत परत पाठवलं. तिथंही थांबण्यासारखं पुष्कळ आहे, पण आपल्याला जायचं आहे 1679 च्या पावसाळ्याच्या शेवटाला.

ऑगस्ट सरत आला आहे. पाऊस अजून अधूनमधून झोडपतो, समुद्र अजून गढूळ आहे. खांदेरीवर झाडी आणि दगड आहेत, तट नाही. शिवाजी महाराजांनी सात-आठ वर्षांपूर्वी एकदा तिथं बांधकाम सुरू केलं होतं, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी या दोघांनी विरोध केला होता. आता महाराजांनी आपल्या आरमाराच्या सरदाराला, मायनाक भंडाऱ्याला पाठवलं आहे. सोबत दीडशे माणसं आणि चार लहान तोफा. नकाशावर बघा, म्हणजे मुंबईच्या इंग्रजांची झोप का उडाली ते कळेल. खांदेरी मुंबई बंदराच्या तोंडाशी आहे. तिथं बसलेल्या माणसाला बंदरात शिरणारं आणि बंदरातून निघणारं प्रत्येक शीड दिसतं. जंजिऱ्याचा सिद्दी तर पावसाळ्यात आपलं आरमार मुंबईत माझगावलाच आणून ठेवत असे. त्याचीही वाट याच पाण्यातून जाते.

इंग्रजांनी बेटावर हक्क सांगितला, निरोप पाठवले, मग जहाजं पाठवली. आता तुम्ही किनाऱ्यावरून बघता तेव्हा खांदेरीच्या आसपास टोपीकरांची, म्हणजे इंग्रजांची, गलबतं नांगरून पडलेली दिसतात. बेटावरची माणसं तट रचत आहेत आणि त्यांना लागणारी प्रत्येक वस्तू किनाऱ्यावरूनच जायला हवी: धान्य, दारूगोळा, हत्यारं, नवी माणसं. जायला हवी आणि टोपीकरांना दिसायला नको.

म्हणजे रात्री.

आता तुम्ही किनाऱ्यावर राहू नका. तांडेल तुम्हाला हाताला धरून मचव्यात ओढतो. वल्ही मारायला आणखी एक माणूस हवाच आहे, तुम्ही कोण, कुठून आलात, हे विचारायला त्याला सवड नाही. मचव्यात तांदळाची पोती आहेत, त्यांच्यावर ओलं कांबळं पांघरलं आहे. कांबळ्याखाली दारूगोळा आहे, म्हणून कुणी चिलीम काढायची नाही. तांडेल एवढंच बोलतो, “तोंड मिटून बस, दादा. हाक आली तरी ओ द्यायची नाही.”

पाणी भरतीचं आहे आणि भरती मुद्दाम साधली आहे. खडपांवरून आता हातभर पाणी आहे. तुमच्या मचव्याला तेवढं पुरतं; टोपीकरांच्या खोल बुडाच्या जहाजांना पुरत नाही. त्यामुळे जिथून त्यांना येता येत नाही तिथूनच तुम्ही जाता आहात. सुरतेच्या आणि मुंबईच्या वखारींमध्ये त्या महिन्यांत जी पत्रं गेली, त्यांत हीच तक्रार आहे: मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री निसटतात आणि आपली जड जहाजं त्यांना अडवू शकत नाहीत. ज्या चपळाईची ती तक्रार होती, ती चपळाई या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची आणि भंडाऱ्यांची होती. खडक कुठे आहे, हे त्यांना पायाच्या तळव्यांनी माहीत होतं.

वल्हं पाण्यात बुडतं आणि तुम्ही दचकता. पाणी पेटलं आहे. वल्ह्याच्या पात्याभोवती निळसर उजेड उसळतो, क्षणभर राहतो, विझतो. हे समुद्रातल्या अतिसूक्ष्म जीवांचं काम आहे. पाणी ढवळलं की ते चमकतात आणि कोकण किनाऱ्यावर आजही कधी कधी असा उजेड दिसतो. मचव्यात तो तुम्हाला सुंदर वाटत नाही, भीती वाटते, कारण तो तुमचा माग दाखवतो आहे. मागे आणखी मचवे आहेत. किनाऱ्यावरून एखाद्या पोराने फटीतून बघितलं तर त्याला काय दिसेल? माणसं दिसणार नाहीत, होड्या दिसणार नाहीत. पाण्यावरून एका रांगेत, आवाज न करता, बेटाकडे सरकत जाणारे उजेडाचे ठिपके दिसतील.

त्या पोराच्या आईने दिवा आधीच मालवला आहे. किनाऱ्यावर कुठेही दिवा नको. अंधारात उभ्या जहाजावरच्या माणसाला किनारा कुठे आहे, गाव कुठे आहे, होड्या कुठून सुटतात, हे दिव्यावरूनच कळतं. पोर विचारतं, ते काय आहे? आई काय सांगणार? “आपले लोक महाराजांच्या कामाला चाललेत” असं सांगितलं तर उद्या बाजारात ते पोर तेच बोलणार, आणि चौलच्या बाजारात सगळ्यांचे कान असतात. चौलला तर फिरंगी बसलेला आहे. ती सांगते, वेताळाची फेरी आहे, डोळे मीट.

हा शेवटचा भाग माझा आहे, पत्रांतला नाही. पण नियम एकेक करून तपासा. दिवा मालवा. दार लावा. बघू नका. हाकेला ओ देऊ नका. वेढा चुकवून रसद पोहोचवणाऱ्या किनाऱ्याला याहून नेमकी ताकीद देता आली नसती. भुताची गोष्ट म्हणून सांगितली की ती ताकीद चार वर्षांचं पोरही पाळतं.

सप्टेंबरमध्ये फ्रान्सिस थॉर्प नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बेटावर उतरायचा प्रयत्न केला आणि तो तिथंच मारला गेला, सोबतचेही काही पडले. मग 18 ऑक्टोबरची पहाट येते. तुम्ही रात्रीच्या खेपेहून परतला आहात, हाताच्या तळव्यांना फोड आले आहेत, आणि नागावच्या बाजूने दौलतखानाच्या हाताखालचं मराठ्यांचं आरमार येताना दिसतं. पन्नासेक शिडं. टोपीकरांना नांगर उचलायलाही पुरता वेळ मिळत नाही. अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ नावाची त्यांची गुराब मराठ्यांच्या हाती लागते. बाकीची लहान गलबतं मागे सरतात, ‘रिव्हेंज’ मात्र एकटी भिडते. तिच्यावर कॅप्टन मिन्चिन आणि कॅप्टन केग्विन आहेत. तिच्या तोफा मोठ्या आहेत. मराठ्यांची काही गलबतं बुडतात आणि आरमार पुन्हा खाडीत शिरतं. दोन्ही बाजूंनी विजयाचा दावा करता येईल अशी ही लढाई आहे. मला त्यात रस आहे तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. पुढचे कित्येक दिवस थळच्या वाळूवर काय वाहून येत असेल, याचा विचार करा. वल्ह्यांचे तुकडे आणि दोरखंड येतात, माणसंही येतात. कुणाचे ते ओळखू येत नाही. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती. पाण्याने सगळ्यांचे चेहरे सारखेच करून टाकलेले. त्यांना अग्नी कुणी द्यायचा, मूठमाती कुणी द्यायची? ज्याचे अंत्यसंस्कार झाले नाहीत तो भूत होतो, असं मानणाऱ्या गावाच्या दारात ही माणसं येऊन पडली आहेत. अशा सगळ्यांना एका राजाच्या ताब्यात द्यायचं, त्याला समुद्राच्या वेशीवर बसवायचं आणि दरवर्षी त्याला नारळ द्यायचा, ही मला अतिशय समंजस व्यवस्था वाटते.

नोव्हेंबरमध्ये सिद्दी कासिमचं आरमार इंग्रजांच्या मदतीला आलं. खांदेरी काही पडली नाही. मग जानेवारी 1680 मध्ये सिद्दीने समोरची उंदेरीच बळकावली आणि तिथं तोफा चढवल्या. इंग्रज थकून बाजूला झाले. खांदेरी मराठ्यांकडे राहिली, उंदेरी सिद्दीकडे, आणि थळचं गाव दोघांच्या समोर उघडं पडलं. 3 एप्रिल 1680 रोजी महाराज गेले.

आता मचवा सोडा आणि एका झोपडीत या. शाकारणी जुनी झाली आहे, कुडातून वारा येतो. उंदेरी इथून इतकी जवळ आहे की वारा पडल्यावर तिथल्या माणसांचं बोलणं पाण्यावरून ऐकू येतं. कधी कधी रात्री उंदेरीहून होड्या सुटतात. त्या आल्या की गुरं जातात, धान्य जातं, माणसं जातात. सिद्दीच्या धाडींत पेण आणि नागोठण्याच्या खाड्यांकाठची माणसं पकडून नेल्याच्या नोंदी आहेत. आज तुम्ही अंधारात बसला आहात, बाहेर पावलं वाजत आहेत, आणि कुणीतरी घरधन्याचं नाव घेऊन हाक मारतं. आवाज ओळखीचा वाटतो. शेजारचा असेल, मदत मागत असेल. किंवा त्या शेजाऱ्याच्या मानेवर कुणी तलवार ठेवली असेल. म्हातारी हाताने खूण करते: पहिल्या हाकेला ओ नाही.

त्याच सुमारास संभाजी महाराजांच्या माणसांनी रात्री उंदेरीवर उतरून हल्ला केला आणि तो फसला. मेलेल्यांची ऐंशी शिरं सिद्दीने टोपल्यांत भरून माझगावला नेली. ती किनाऱ्यावर बांबूंवर लावायचा त्याचा बेत होता; इंग्रजांनी तेवढं होऊ दिलं नाही. ऐंशी धडं मात्र इथंच, या पाण्यात राहिली. बिनशिराची भुतं कोकणात का फिरतात, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. उंदेरीच्या तटावर पहाऱ्याला उभा असलेला हबशी शिपाई तुम्हाला दिसतो आहे. कोकणच्या भुतांच्या यादीत खवीस आहे, आणि खवीस म्हणजे हबशाचं भूत असं पुष्कळ जण सांगत आले. भीतीला चेहरा हवा असतो आणि तो परक्याचाच सापडतो. पण त्या शिपायाच्या बापाला किंवा आजोबाला आफ्रिकेच्या कुठल्यातरी किनाऱ्यावरून असंच रात्री उचललं असेल. आज आपल्या देशात राहणाऱ्या सिद्दी समाजातल्या पुष्कळांचे पूर्वज गुलाम म्हणून किंवा भाडोत्री शिपाई म्हणून या भूमीवर आणले गेले. त्या माणसाच्या आईनेही कदाचित कुठेतरी दिवा मालवला होता. थळच्या भुतावळीत त्यालाही जागा आहे, आणि ती भीतीपोटी द्यायची की माणुसकीने, हे आपण ठरवायचं आहे.

उंदेरी सिद्दीकडून मराठ्यांनी घेतली ती थेट 1759 मध्ये. म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षं हा किनारा दोन तोफांच्या मधे जगला. थळच्या वाळूलगत खुबलढा नावाच्या छोट्या किल्ल्याचे अवशेष आहेत, तेही त्याच काळजीतून उभे राहिलेले. ऐंशी वर्षं म्हणजे चार पिढ्या. पहिल्या पिढीने ताकीद दिली, दुसरीने ती पाळली, तिसरीला तिचं कारण आठवत नव्हतं आणि चौथीने ती भुताची गोष्ट म्हणून आपल्या नातवंडांना सांगितली. असं घडलं असावं, हे माझं मत आहे. वेताळ त्या लढायांतून जन्मला, असं मी म्हणत नाही. तो या देशात फार जुना आहे, लढाया नसलेल्या गावांतही आहे. पण इथल्या फेरीला ज्या रात्री, जे नियम आणि जी भीती चिकटली, ती या पाण्यातून आली असं मला मनापासून वाटतं.

खांदेरीवर एक खडक आहे, त्यावर दगडाने वाजवलं की धातूसारखा खणखणीत नाद येतो. तिथं चाकांच्या लोखंडी गाड्यांवर चढवलेल्या तोफाही अजून आहेत. जाणारे प्रवासी त्या खडकावर दगड वाजवून बघतात, तोफांशेजारी फोटो काढतात. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात खांदेरी आहे. दगडांची आता चांगली निगा राखली जाईल, आणि ती राखली गेलीच पाहिजे. मायनाक भंडाऱ्याचं नाव फलकावर येईल, दौलतखानाचंही येईल. अंधारात मचवा हाकणाऱ्या तांडेलाचं नाव कुठल्याही फलकावर येणार नाही, कारण ते कुणी लिहूनच ठेवलं नाही. त्याची आठवण उरली असेल तर ती वेताळाच्या गोष्टींतच उरली आहे.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी कुणी थळचं, नवगावचं, वरसोलीचं किंवा किहीमचं म्हातारं माणूस असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि वेताळाच्या फेरीबद्दल विचारा. फेरी यायची ती समुद्राकडून की डोंगराकडून? मशाली चालत यायच्या की पाण्यावरून सरकत? दिवा मालवायला कोण सांगायचं? अमुक एखाद्या वाटेनेच फेरी जायची का, आणि ती वाट कुठल्या बंदराला मिळते? ऐकाल ते गावाच्या आणि वाडीच्या नावासकट, सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. फेरी समुद्राकडूनच येते, असं गावोगावच्या म्हाताऱ्या एकमुखाने सांगू लागल्या, तर 1679 च्या त्या रात्रींची बाजू इंग्रजांच्या पत्रांबाहेरही नोंदली जाईल. डोंगराकडून येते असं निघालं, तर माझं मत चुकीचं ठरेल आणि तेही कळायला हवं. ही माणसं आहेत तोवर, म्हणजे या पाच-दहा वर्षांतच, हे काम होऊ शकतं.